मेसेजिंगमधील बॉट आणि मिनी ॲप्समधून मिळकत : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

धागाकर्ता, सातारा

व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा स्लॅक (कंपन्यांतील अंतर्गत चॅटचे ॲप) यांच्या आतच चालणारे बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारे प्रोग्राम, आणि छोटी ‘मिनी’ ॲप्स तयार करणारे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आता बरेच जण आहेत. वेगळे ॲप डाउनलोड करा म्हटले की ग्राहक टाळाटाळ करतो, पण रोजच्या चॅटमध्येच काम होत असेल तर तो तयार होतो, हे बहुतेकांना कळून चुकले आहे. त्यातून पैसे कोणाकडून मिळतात आणि सगळे वजा जाता हातात काय राहते, यावर मात्र कोणी फारसे बोलत नाही. त्यासाठीच हा धागा काढला आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आणि अशा कामासाठी पैसे मोजलेल्यांनीही लिहावे, ही विनंती. ग्राहकांची नावे टाळावीत. शेअर बाजाराच्या सशुल्क टिप्स देणाऱ्या चॅनेलची चर्चा येथे नको. सेबीकडे नोंदणी नसताना पैसे घेऊन तसा सल्ला देता येत नाही.

तासगाव, द्राक्ष बागायतदार आणि प्रोग्रामर

आमचा बॉट व्हॉट्सॲपवर आहे. ऑक्टोबर छाटणीची तारीख, वाण आणि क्षेत्र एकदा कळवले की छाटणीनंतरचा आज कितवा दिवस आहे, या अवस्थेत डाऊनी आणि भुरी या रोगांपैकी कोणाकडे लक्ष द्यायचे, हे बागायतदाराला तिथेच कळते. केलेली फवारणी त्याच चॅटमध्ये नोंदवली जाते आणि त्यावरून त्या घटकाच्या पीएचआयचे (फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या अंतराचे) किती दिवस उरले आहेत हे दिसते. निर्यातीच्या बागेला या नोंदीचे मोल फार आहे, कारण रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीत एखादा घटक मर्यादेबाहेर गेला तर चांगला मालही लोकल बाजाराच्या दराने द्यावा लागतो.

आमचा सगळा हिशेब एका नियमावर बेतलेला आहे. समोरच्याने आपल्याला संदेश पाठवला की चोवीस तासांची मुदत सुरू होते आणि त्या मुदतीत दिलेल्या साध्या उत्तरांना शुल्क नसते; आपण होऊन पाठवलेल्या टेम्प्लेट संदेशाला, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुराला, मात्र पैसे पडतात. त्यामुळे रोज सकाळी आम्ही काही पाठवत नाही. बागायतदाराने ‘आज’ एवढेच लिहायचे, की त्या दिवसाची माहिती येते. टेम्प्लेट आम्ही राखून ठेवतो ते पावसाच्या किंवा दाट धुक्याच्या इशाऱ्यासाठी.

वर्गणी थेट बागायतदाराकडून घेणे आम्हाला जमले नाही. छाटणीच्या वेळी मजुरी आणि औषधे यांतच त्याचा पैसा गुंतलेला असतो आणि हातात रक्कम येते ती माल गेल्यावर, म्हणजे आमचे काम संपल्यावर. म्हणून आता कृषी सेवा केंद्रे आमचे शुल्क भरतात. दर प्लॉटमागे हंगामाचा ठरावीक आकार असतो आणि केंद्राचे नाव संदेशाच्या तळाशी दिसते. सल्ल्यात कोणत्याही कंपनीच्या औषधाचे नाव येणार नाही, फक्त सक्रिय घटक येईल, ही अट आम्ही आधीच लिहून घेतो. या अटीमुळे एका दुकानदाराने नकार दिला, पण अट काढली तर बागायतदार बॉटकडे दुकानातला सेल्समन म्हणूनच पाहील आणि मग दुकानदारालाही त्याचा उपयोग उरणार नाही, असे माझे मत आहे.

सातारा, स्पर्धा परीक्षांचा सराव घेणारे

आमचे काम टेलिग्रामवरील मिनी ॲपचे आहे. पोलीस भरतीच्या सराव चाचण्या विनामूल्य आहेत. प्रत्येक प्रश्नाचे सविस्तर स्पष्टीकरण आणि विषयवार कच्चे दुवे दाखवणारा अहवाल सशुल्क आहे. येथे पैसे घेण्याची पद्धत आपल्या मर्जीवर नसते, हे नवीन लोकांनी आधीच लक्षात घ्यावे. जून २०२४ मध्ये टेलिग्रामने ‘स्टार्स’ हे स्वतःचे चलन आणले आणि तेव्हापासून बॉट किंवा मिनी ॲपमधून डिजिटल सेवा विकायची असेल तर ती स्टार्समध्येच विकावी लागते. बॉटच्या आत यूपीआयचा क्यूआर दाखवून स्पष्टीकरणे विकणे नियमात बसत नाही. दरमहा आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणीही स्टार्समध्ये ठेवता येते आणि तिचा कालावधी ३० दिवसांचा असतो.

आता हिशेब. विकसकाला एका स्टारमागे साधारण १.३ सेंट मिळतात, म्हणजे हजार स्टार्सचे सुमारे १३ डॉलर. विद्यार्थी फोनमधून स्टार्स विकत घेतो तेव्हा ॲप स्टोअरचा वाटा त्या किमतीतच मिसळलेला असतो, म्हणून त्याने मोजलेली आणि आम्हाला पोहोचलेली रक्कम यांत बरीच तफावत पडते. मिळालेले स्टार्स २१ दिवस काढता येत नाहीत आणि काढायचे तर खात्यात किमान हजार असावे लागतात. रक्कम येते ती फ्रॅगमेंट या टेलिग्रामशी जोडलेल्या संकेतस्थळामार्फत, टॉनकॉइन या क्रिप्टो चलनात. ते विकून रुपये करायचे म्हणजे आभासी डिजिटल मालमत्तेचे कर नियम लागू होतात : १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर उपकर, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून अशा व्यवहारावर एक टक्का टीडीएस आहे. आमच्या सीएंनी पहिल्याच बैठकीत सांगितले, की टॉनकॉइन हातात आल्या दिवशीचा रुपयांतील भाव लिहून ठेवा, नाहीतर वर्षअखेरीस जुळवाजुळव होणार नाही. त्यासाठी एक वेगळी वहीच ठेवली आहे.

खरी मिळकत दुसऱ्याच बाजूने सुरू झाली. स्टार्सची सक्ती फक्त डिजिटल वस्तूंना आहे. छापील वस्तूंसाठी नेहमीचे पेमेंट गेटवे चालते. म्हणून त्याच मिनी ॲपमध्ये आम्ही छापील प्रश्नसंचांची मागणी घेऊ लागलो. चाचणीत अंकगणितात कमी गुण पडलेल्या मुलाला निकालाच्या पानावरच अंकगणिताचा संच दिसतो. तो रुपयांत पैसे भरतो आणि संच टपालाने घरी जातो. गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावरील जीएसटी, कागद, छपाई, टपाल हे सगळे वजा केले तरी एका संचामागे स्टार्सच्या महिनाभराच्या वर्गणीपेक्षा अधिक उरते. स्टार्स बंद केलेले नाहीत. परगावच्या मुलांना टपालाची वाट पाहायची नसते, त्यांच्यासाठी ते ठेवले आहेत.

आणखी एक सूचना. पैसे घेणाऱ्या बॉटने तक्रार आणि परताव्यासाठी ‘/paysupport’ (पे-सपोर्ट) ही आज्ञा चालू ठेवणे टेलिग्रामला आवश्यक वाटते. तिला उत्तर देणारा माणूस नेमा. परीक्षेची तारीख पुढे गेली की परताव्याची मागणी हमखास येते.

मिरज, दवाखाने आणि लॅबसाठी काम करणारे

मिरजेला दवाखान्यांची वानवा नाही, त्यामुळे आमचा व्हॉट्सॲपवरील धंदा अपॉइंटमेंट, रिपोर्ट आणि फेरतपासणीची आठवण या तीन गोष्टींवर उभा आहे. रुग्णाकडून आम्ही एक पैसाही घेत नाही. उभारणीचे एकदा आणि देखभालीचे दरमहा, असे पैसे दवाखाना देतो. संदेशांचे बिल व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिच्याकडून दवाखान्याच्या नावावर येते आणि त्यांच्याच कार्डावरून जाते.

या शेवटच्या मुद्द्यावर मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. पूर्वी एका ग्राहकाच्या संदेशांचे पैसे आमच्या खात्यातून जात आणि आम्ही महिनाअखेरीस वसूल करत असू. त्यांनी सणाच्या आरोग्य तपासणी योजनेचे संदेश सगळ्या जुन्या रुग्णांना एकदम पाठवले आणि बिल आल्यावर ‘एवढे कसे झाले’ म्हणून हात वर केले. ती वसुली अजून पूर्ण झालेली नाही. संदेशांवर आपला नफा चढवून विकणारेही आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण उधारीची जोखीम आपल्याकडे येते, हे धरून दर ठरवावा.

१ जुलै २०२५ पासून पूर्वीची ‘कॉन्व्हर्सेशन’प्रमाणे (चोवीस तासांच्या संभाषणामागे एकदा) आकारणी जाऊन टेम्प्लेटच्या प्रत्येक संदेशाला आकार आला. भारतात युटिलिटी प्रकारच्या (ठरलेल्या कामाची माहिती देणाऱ्या) संदेशाला पंधरा पैशांच्या आत, तर मार्केटिंगच्या संदेशाला पाऊण रुपयाच्या वर पडतात; जीएसटी वेगळा. कोणता संदेश कोणत्या प्रकारात बसतो, हे मेटा मजकूर पाहून ठरवते. एका लॅबचा संदेश असा होता : ‘आपली थायरॉइडची फेरतपासणी येत्या सोमवारी आहे. उपाशीपोटी यावे.’ हा युटिलिटीत मंजूर झाला. लॅबने त्याखाली ‘संपूर्ण शरीर तपासणीवर सवलत’ अशी ओळ घालायला लावली आणि तोच संदेश मार्केटिंगमध्ये गेला. एका ओळीपायी खर्च पाचपटीहून वर गेला. आता मजकूर बदलायचा असेल तर आम्ही आधी नव्या खर्चाचा आकडा लेखी देतो. बहुतेक वेळा सवलतीची ओळ तिथेच गळून पडते. ग्राहक देखभालीचे पैसे खळखळ न करता देतात ते अशाच कामासाठी, कारण बॉट एकदा उभा राहिला की त्यात काय चालते हे त्यांना दिसत नाही, बिल मात्र दिसते.

वाई, लोणची-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय

मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूची आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्या बॉटमध्ये कॅटलॉग, पत्ता आणि पैसे भरण्याची लिंक आहे. पहिल्यांदा आलेल्या मुलाने प्रत्येक ऑर्डरवर टक्केवारी मागितली होती. मसाल्यात मिरचीचा दर वर गेला की आमच्याच हातात फारसे राहत नाही, त्यातून टक्के कुठून द्यायचे? शिवाय जे ग्राहक वर्षानुवर्षे फोनवरून मागवतात, ते केवळ सोय झाली म्हणून बॉटवर आले, तर त्यांच्यावरही टक्के का द्यावेत, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. आम्ही दुसऱ्यांकडून ठरावीक मासिक दराने काम करून घेतले. दिवाळीच्या दोन महिन्यांत दर जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असे ठरवले आहे, ते दोघांनाही परवडते.

सांगली, विश्रामबाग, स्लॅकसाठी ॲप बनवणारे

वरच्या सगळ्यांपेक्षा माझे गिऱ्हाईक वेगळे आहे. स्लॅक वापरणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या पाळ्या आणि रजा यांची नोंद ठेवणारे ॲप मी विकतो. स्लॅकच्या मार्केटप्लेसवर ॲप ठेवता येते, पण स्लॅक पैसे गोळा करून देत नाही. बिलाची व्यवस्था आपली आपण करायची. त्यात एक फायदा आहे, तो म्हणजे स्लॅक विक्रीतला हिस्साही घेत नाही. मी कंपनीतील माणशी दरमहा डॉलरमध्ये आकारणी करतो. सेवेची निर्यात असल्याने एलयूटी (निर्यातदाराने जीएसटी विभागाला द्यायचे हमीपत्र) भरून जीएसटीशिवाय बिल करता येते, मात्र परकीय रक्कम आल्याची बँकेची कागदपत्रे जपून ठेवावी लागतात.

ग्राहक मोजकेच आहेत, पण एकदा आलेला सहसा जात नाही, कारण रजेच्या जुन्या नोंदी दुसरीकडे नेण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. धोका आहे तो नियम बदलण्याचा. मे २०२५ मध्ये स्लॅकने मार्केटप्लेसबाहेर विकल्या जाणाऱ्या नव्या ॲप्ससाठी चॅनेलमधले जुने संदेश वाचण्यावर मिनिटाला एक विनंती आणि तीत जास्तीत जास्त पंधरा संदेश अशी मर्यादा घातली. माझे ॲप संदेश वाचत नाही, म्हणून मला झळ बसली नाही. संभाषणांचा सारांश काढून देणे हाच ज्यांचा माल होता, त्यांना मार्केटप्लेसच्या तपासणीतून जाणे किंवा धंदा गुंडाळणे, एवढेच पर्याय राहिले. जुन्या संदेशांवर बेतलेले काही करण्याचा विचार असेल तर आधी ती तपासणी उरकावी.

सांगली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

२०२४ मध्ये टेलिग्रामवर टिचक्या मारून नाणी जमवण्याच्या खेळांची लाट आली, तेव्हा आम्ही मित्रांनीही एक छोटा खेळ केला आणि त्यात जाहिराती लावल्या. खेळणारे पुष्कळ आले, पण खेळातले नाणे क्रिप्टो बाजारात येणार नाही हे समजताच गेलेही. जाहिरातींचे पैसे सर्व्हरच्या भाड्यात जिरले. सध्या तेच कौशल्य वापरून मी दुसऱ्यांची मिनी ॲप्स तासाच्या दराने बांधून देतो आणि त्यातून मेसचा खर्च निघतो.

ईश्वरपूर, एआय सहायक बनवणारे

आमचा ‘काहीही विचारा’ पद्धतीचा मराठी एआय सहायक व्हॉट्सॲपवर मासिक वर्गणीने चालत होता. एआय सहायक हाच ज्यांचा मुख्य माल आहे, त्यांना १५ जानेवारी २०२६ पासून व्हॉट्सॲपच्या बिझनेस मंचावर मनाई करण्याचे मेटाने जाहीर केले आणि आमचा तो मार्ग बंद झाला. एखाद्या व्यवसायाने स्वतःच्या ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी एआय वापरण्यास हरकत नाही. म्हणून तोच माल आता आम्ही ठिबक सिंचनाच्या विक्रेत्यांना देतो : त्यांचे दरपत्रक, फिल्टर कधी धुवायचा, ॲसिड कधी सोडायचे, एवढ्यापुरती उत्तरे. वापरणारा तोच शेतकरी आहे, पैसे देणारा बदलला. मिरजकरांना एक विचारायचे आहे : देखभाल सोडायची वेळ आली तर दवाखान्याचा क्रमांक दुसऱ्या विकसकाकडे कसा सोपवता?

मिरजहून उत्तर

व्यवसायाचे मेटा खाते पहिल्या दिवसापासून दवाखान्याच्या कागदपत्रांवर पडताळून घेतो आणि आम्हाला त्यात फक्त भागीदार म्हणून प्रवेश असतो, त्यामुळे सोपवण्याजोगे फार काही उरत नाही. दोन-टप्पी पडताळणीचा सहा अंकी पिन बंद पाकिटात मालकांकडे देतो, टेम्प्लेटच्या मजकुरांची यादी देतो आणि आमचा प्रवेश काढून घ्यायला सांगतो. क्रमांक आमच्याच खात्यात उघडला असता तर ग्राहक अडकून राहिला असता, हे खरे आहे, आणि काही जण मुद्दाम तसे करतात. पण मिरजेत एका डॉक्टरची तक्रार दुसऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला संध्याकाळही लागत नाही. सोडण्याच्या वेळच्या या कामाचे वेगळे पैसे लावतो आणि ती रक्कम पहिल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली असते.