छोट्या दालनात शहर-उपनगरांच्या चित्रांचं प्रदर्शन : मांडणीबद्दल सल्ला हवा

बदलापूर_लोकल
ठाण्यातल्या एका छोट्या कलादालनात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा जणांचं गट-प्रदर्शन आहे. विषय : ठाणे ते कर्जत पट्ट्यातली शहरं आणि उपनगरं. खोली १८ × १४ फूट, एक दार, एक खिडकी. ३२ चित्रं जमली आहेत. बहुतेक अर्ध्या शीटवरची जलरंगातली, काही शाईची छोटी स्केचेस. सगळी मावतील का? फ्रेम करताना काय सांभाळायचं? आणि पावसाळी हवेचं काय?

गेरू
नाही मावणार. टेप घेऊन हिशेब करा. चारी भिंती मिळून ६४ फूट. दार, खिडकी, स्विचबोर्ड यांचे १३ वजा, उरले ५१. प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर मोकळं सोडलं की ४३. अर्धी शीट म्हणजे २२ × १५ इंच. चारी बाजूंनी ३ इंच माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि पाऊण इंची पट्टी धरली तर फ्रेम साडेएकोणतीस इंच रुंद, म्हणजे अडीच फूट. मधे फूटभर जागा. एका चित्राला साडेतीन फूट, म्हणजे १२ चित्रं. त्यातली दोन कमी केलीत तर तेवढ्या जागेत १२ × १० इंचाच्या फ्रेममधली सहा स्केचेस दोन ओळींत, दोन-दोन इंचांच्या अंतराने, ऐसपैस बसतात. एकूण १६. निम्मी घरी ठेवा.

मांजरपाट
मोठी चित्रंही दोन ओळींत लावली तर?

गेरू
१४ फुटांच्या खोलीत मागे सरकायला जागाच नाही. वरच्या ओळीसाठी मान वर, खालच्यासाठी कंबर वाकलेली. स्केचेस लोक जवळ जाऊनच बघतात, म्हणून त्यांना चालतं.

ओलीभिंत
सप्टेंबर म्हणजे कागदाचा वैरी, म्हणून फ्रेमबद्दल सविस्तर लिहितो.

चित्र माउंटला चारी बाजूंनी चिकटवायला फ्रेमवाल्याला साफ मनाई करा. दमट हवेत कागद फुगतो, कडा बांधलेल्या असल्या की मधे लाटा येतात. फक्त वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन बिजागऱ्या लावायच्या, त्याही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. सेलोटेप आणि ब्राउन टेप नको, त्यांचा डाग पुढे कागदात उतरतो. माउंट आम्लमुक्त हवा आणि काच चित्राला कुठेही टेकता कामा नये. टेकली की दव धरतं, तिथे बुरशी येते. मागे नुसता हार्डबोर्ड असेल तर त्याच्या आणि चित्राच्या मधे आम्लमुक्त बोर्डाचा एक थर घाला.

आणि हे कोणी करत नाही, पण करा : फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते. बाहेरच्या बाजूची भिंत हाताला गार, दमट लागली तर तिथे जलरंग लावूच नका.

बिनछत्री
मांडणी चित्रकारवार करू नका, ठिकाणावार करा. ठाण्यापासून सुरू करून कर्जतला संपवा, एकाच दिशेने. शहराच्या चित्रापुढे माणूस आधी 'हे कुठलं?' विचारतो, रंग नंतर बघतो. त्यामुळे लेबलवर 'संध्याकाळ-३' असलं काही नको; 'कल्याण, स्कायवॉकवरून' असं लिहा.

शेजारी लावताना चित्रातली क्षितिजरेषा बघा. रस्त्यावर उभं राहून काढलेलं आणि पुलावरून काढलेलं चित्र लागून लावलं की जमीन उडी मारल्यासारखी दिसते. पूल-गच्चीवरची वेगळ्या भिंतीवर घ्या.

निवडताना ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं आणि छत्र्या हा प्रकार दोनच ठेवा. सहा जणांत किमान आठ निघतील, पैज लावा! चित्रकार सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात राहून, रेडिओलॉजिस्टचा व्यवसाय सांभाळत, हेच उपनगर रंगवलं. त्यांच्या चित्रांत इमारती, पूल आणि तिथली माणसं एकमेकांवर कशी रेलतात ते निवडीला बसण्याआधी जरूर बघा.

बदलापूर_लोकल
मोठा गैरसमज दूर झाला, आभार. १६ वर आलो. आता खिळा नेमका किती उंचीवर ठोकायचा? आणि दोन चित्रं रात्रीची आहेत, जवळजवळ काळी.

गेरू
चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर. त्यात फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा आणि फ्रेममागची टांगायची तार ताणल्यावर तिच्या आणि फ्रेमच्या वरच्या कडेमधलं अंतर वजा करा. तुमची आडवी फ्रेम साडेबावीस इंच उंच. निम्मे सव्वाअकरा, तार ३ इंच खाली, म्हणजे खिळा सव्वापासष्ट इंचांवर. तार ताणूनच मोजा, सैल मोजली की सगळी रांग वरखाली होते. तार पिळाची स्टीलची घ्या, नायलॉनची दोरी ताणत जाते. एका फ्रेमला दोन खिळे, मग येता-जाता धक्क्याने वाकडी होणार नाही.

ओलीभिंत
रात्रीची चित्रं दार किंवा खिडकीसमोर नकोत. काळ्या भागावर काचेचा आरसा होतो आणि बघणाऱ्याला स्वतःचाच शर्ट दिसतो. दिवा छतावरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत खाली पडेल असा वळवा, समोरची ट्यूबलाइट बंद ठेवा. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक वजनाला हलकं, पण त्यावर स्थिर वीज साठते. शाई-जलरंगाला चालेल, गटात कोणाचं कोळशाचं किंवा सॉफ्ट पेस्टलचं काम असेल तर त्याला काचच, नाहीतर भुकटी उडून आतून चिकटते.