सेवाभावी बेकरीतली अंगमेहनत : तुमचे अनुभव लिहा

पाव भाजून गरजूंना वाटणाऱ्या बेकऱ्यांत स्वयंसेवक म्हणून राबलेले बरेच जण आपल्यात आहेत. सेवेचं समाधान वगैरे इथे नको, ते गृहीत आहे. पोती कोण उचलतं, कंबर कशी टिकते, काय झेपलं नाही, ते लिहा. सुरुवात मीच करते.

लोकांना वाटतं, मळण्यात दम निघतो. मळतो तर मिक्सर! दहा किलो मैद्यात साडेसहा लिटर पाणी गेलं की सोळा किलोंच्या वर चिकट गोळा होतो आणि तो भांड्याच्या तळातून वाकून काढावा लागतो. त्याला ना कड, ना कान. तिथल्या जुन्या कारागिराने शिकवलं : हात ओले कर, पात्याने गोळा तोड, दोन-तीन खेपांत काढ. एका दमात काढणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही, दुसऱ्या दिवशी तो येतही नाही.

*

पंचवीस किलोचं एक पोतं कोणीही उचलेल. प्रश्न पाचव्याचा असतो, तेही पहाटे, अर्धवट झोपेत. गुडघ्यात वाकायचं, पोतं पोटाशी घट्ट धरायचं, वळताना कंबर न पिळता पावलं फिरवायची, हे सगळ्यांना पाठ असतं. घाईत पाळतं कोण? आमच्याकडे पोती जमिनीवरून उचलून कमरेएवढ्या फळीवर रचायला लागले आणि पाठीच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. पन्नास किलोचं असेल तर सरळ ढकलगाडी घ्यावी. त्यात लाज कसली?

*

वरच्या दोघांना अनुमोदन. मी भट्टीवर असतो. दार उघडताना बाजूला उभे राहा, वाफ आधी तोंडावर येते. ट्रे धरायचं फडकं कोरडंच हवं, ओल्यातून चटका लगेच हाताला पोचतो. भाजलंच तर वीसेक मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच. ट्रे खोळंबलेले असताना तुम्हाला तेवढा वेळ नळाखाली उभं राहू देणारा प्रमुख असेल, तर जागा चांगली आहे असं खुशाल समजा.

*

माझी साठी उलटलीय, म्हणून मला 'हलकं काम' दिलं : भांडी. हलकं म्हणे! मिक्सरचं भांडं रिकामंही मला एकटीला हलत नाही. पण एक युक्ती सांगते. पीठ लागलेल्या भांड्यावर आधी गरम पाणी ओतू नका, त्याची खळ होऊन ती घट्ट चिकटते. गार पाण्यात भिजवून खरवडा, मग गरम पाणी आणि साबण. आणि बूट जाड तळव्याचे, न घसरणारे घ्या. सिमेंटच्या फरशीवर उभं राहून पोटऱ्या हातांच्या आधी बोलतात.

*

मी सोडलं. आधी शिंका, मग छातीत घरघर, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र काही नाही. डॉक्टरांनी पिठाच्या धुळीची ॲलर्जी सांगितली. बेकरीत काम करणाऱ्यांमध्ये हा दमा चांगलाच ओळखीचा आहे, पण मला कोणी आधी बोललं नव्हतं. पोतं उंचावरून ओतू नये, कोरडा झाडू मारू नये, ओट्यावरून ओलं फडकं फिरवावं, एवढंच करायचं असतं. आमच्याकडे हवेच्या फवाऱ्याने ओटे साफ व्हायचे! हल्ली मी वाटपाच्या याद्या सांभाळते, लांबच्या खोलीत बसून.

*

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. मी जाऊ का?

*

आधी डॉक्टरांना विचारा. मग बेकरीत विचारा की पाळी किती तासांची, मध्ये बसता येतं का, काम बदलून मिळतं का. पाव मोजून पिशव्यांत भरायला माणसं नेहमीच कमी असतात आणि ते काम स्टुलावर बसून होतं. फक्त पाव पूर्ण निवल्याशिवाय पिशव्या बांधू नका, आत घाम धरतो.