सल्ला हवा: पन्हाळ्यावरनं मसाई पठार, एका दिवसात, बाबा आणि लेकीसकट

रंकाळ्याचा_वारा
राम राम मंडळी. सप्टेंबरअखेरीस एका रविवारी मसाई पठारला चालत जायचं घाटतंय. सोबत बाबा (वय 64, रोज रंकाळ्यावर फिरतात, पण उतारावर गुडघा कुरकुरतो) आणि लेक (वय 11, पाय दुखत नाहीत, तोंडही दुखत नाही). गाडी पार पठारापर्यंत जाते हे माहीत आहे, पण बाबांना महाराज ज्या वाटेनं गेले त्या वाटेनं "थोडं तरी" चालायचंय. कुठनं उतरायचं, वेळ किती धरायचा, वर खायला काय मिळतं?

खर्डा_भाकरी
वर कुणीतरी काहीतरी विकत असेल या भरवशावर जाऊ नका. भाकरी, खर्डा, कांदा घरनं बांधून न्या. पाणी माणशी दोन लिटर. पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही परत आल्यावर. आधी खाल्लंसा तर तबक उद्यानातच आडवं व्हाल.

सड्यावरची
मी तीनदा गेलो आहे. (हो, बाईच आहे. कोल्हापूरची आहे, त्यामुळं "गेलो"च म्हणणार.)

वाट सांगतो. पुसाटी बुरुजाकडनं राजदिंडीनं (गडावरनं खाली जायची जुनी वाट) उतरायचं, मग तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि तिथनं चढून पठार. गुडघ्याला त्रास देणारा टप्पा पहिलाच, राजदिंडीचा. ओल्या दगडांवर शेवाळ असतं, बाबांना काठी द्या आणि लेकीला पुढं पळू देऊ नका. म्हाळुंग्यानंतरचा चढ दमवतो, पण घाबरवत नाही. आम्ही रमतगमत देवीच्या देवळापाशी सव्वातीन तासांत पोचलो. तुम्ही चार धरा.

चढाचं फार मनावर घेऊ नका, खरी काळजी वर गेल्यावर घ्यायची. पठार म्हणजे सपाट जांभ्याचा सडा. झाड नाही, घर नाही, नजर ठरंल अशी खूण नाही. ऊन असताना देऊळ हाकेवर वाटतं आणि चालायला लागलं की सरकत जातं. धुकं आलं तर इचारूच नका. दुसऱ्या वेळी आम्ही एका डबक्याची खूण धरून चाललो होतो. ढग उतरला, वीस पावलांवरचा भाऊ दिसंना, आणि डबकी तर पन्नास, सगळी सारखीच. पाऊण तास चाललो आणि पायाखाली काय आलं? आमच्याच संत्र्याच्या साली. (तिथं टाकल्या होत्या ही चूक, कबूल. उचलून पिशवीत घातल्या.) मग मुकाट्यानं दगडावर बसलो. अर्ध्या तासानं गुरांच्या घंटा ऐकू आल्या, पाठोपाठ गुराखी. म्हणाला, "कड्याकडं निघालासा व्हय?" त्या दिवसापास्नं एकच नियम: धुक्यात दिशा गेली की चालायचं नाही, बसायचं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, रेंजवर विसंबू नका. आणि गडगडायला लागलं तर सडा सोडून खाली या, तिथं सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

जोतिबाचा_गुलाल
एवढं चालताय तर पावनखिंडीपर्यंतच जाऊन या की, एक दिवस काय दोन दिवस काय 😀

सड्यावरची
गुलालभाऊ, चौसष्ट वर्षांचे बाबा आहेत. पन्हाळा ते पावनखिंड पन्नासेक किलोमीटरच्या घरात जातं, पदभ्रमंतीवाली तरणी पोरंसुद्धा मध्ये मुक्काम करतात. महाराज 1660 च्या जुलैत रात्रीच्या पावसात गेले कारण मागं सिद्दी जौहरची माणसं होती. यांच्या मागं कोण आहे?

गेंदफूल
तारीख झकास निवडलीय. जांभ्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, पाणी साचून राहतं, म्हणून झाडं नाहीत आणि म्हणूनच ही फुलं. पांढरे गेंद, सोनकी, आणि ओलीला निळी-जांभळी सीतेची आसवं. लेकीला आवर्जून गुडघ्यावर बसवून दाखवा: फूल नखाएवढं, पण त्याला मातीतनं खायला पुरत नाही म्हणून खाली बारीक फुग्यांत पाण्यातले किडे धरतं. मांसाहारी फूल म्हटल्यावर पोरगं शाळेत आठवडाभर सांगत सुटतं, स्वानुभव.

एक विनंती. हे आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गाडी सड्यावर घालू नका. चाकाची चाकोरी एकदा पडली की तिथं पुढच्या साली फुलं नाहीत, नुसता चिखल.

खर्डा_भाकरी
जाताना पंचगंगेचं पाणी बघून निघा. सप्टेंबरात शक्यतो प्रश्न नसतो, पण राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय असं ऐकलं तर बेत पुढं ढकला. पूर वाढला की केर्लीजवळ पन्हाळ्याचा रस्ता बंद पडतो आणि माणूस तिकडंच अडकतो.

रंकाळ्याचा_वारा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: सहाला घर सोडायचं, सातपर्यंत राजदिंडीशी. मेहुणा आम्हाला सोडून गाडी घेऊन पठाराच्या अलीकडं डांबरी रस्त्यावरच थांबणार, म्हणजे बाबांना परत चालायला नको. एक वाजेपर्यंत देऊळ आलं नाही तर जिथं असू तिथनं गाडीकडं वळायचं. हे बाबांना सांगितलं, तर म्हणाले "बघू". तेवढी एकच काळजी उरलीय.

सड्यावरची
"बघू" म्हणजे वळणार नाहीत. भाकरीची पिशवी मेहुण्याच्या गाडीत ठेवा, आपसूक वळतील.