मदत हवी आहे: पाळी येणार की दिवस राहिलेत, कसं ओळखायचं?

होटगीरोड: पाळीचा आज २७वा दिवस. चक्र २९ ते ३१ दिवसांचं असतं. मूल हवंय, कुठलंही साधन वापरत नाही. परवापासून छाती जड, पोट फुगलेलं, ओटीपोटात कळा, सारखी झोप. पाळीआधीही थोडंफार असंच होतं. सासूबाई म्हणतात, चेहऱ्यावरूनच कळतं. आजच लघवीवरून दिवस राहिलेत का ते दाखवणारं कार्ड आणून तपासू का? कंबरदुखीची मेफेनॅमिकची गोळी चालेल का?

सातरस्ता: ताई, आज तपासू नका. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे तुमचं १५ ते १७व्या दिवशी सुटलं असणार. गर्भ राहिला तर तो गर्भाशयात रुजायला तिथून ६ ते १२ दिवस लागतात, आणि कार्ड ज्यावरून ओळखतं ते एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्यावर तयार होणारं संप्रेरक, त्यानंतरच तयार होतं. आज 'नाही' आलं तरी त्याला अर्थ नाही.

छाती दुखणं, फुगणं, झोप हे सगळं प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे होतं. बीज सुटलं की ते दर महिन्याला वाढतं, दिवस राहोत वा न राहोत. म्हणून या आठवड्यात लक्षणांवरून फरक कळत नाही, चेहऱ्यावरून तर नाहीच. फरक पुढे पडतो. पाळी यायची असेल तर प्रोजेस्टेरॉन उतरतं, रक्तस्राव सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत छाती हलकी होते. दिवस असतील तर तारीख उलटूनही ती दुखतच राहते. मळमळ बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, त्यामुळे आत्ताच्या मळमळीवर जाऊ नका. तारखेच्या आसपास गुलाबी किंवा तपकिरी डाग एक-दोन दिवस दिसून थांबले, तर त्याला पाळी धरू नका. तपासून घ्या.

भवानीपेठ: कार्ड ३२व्या दिवशी करा, सकाळच्या पहिल्या लघवीवर. उन्हाळ्यात रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपलं की लघवी पातळ होते आणि रेघ फिकी पडते किंवा दिसतच नाही. कार्ड ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं वापरू नका. पाकीट ऐनवेळी फोडा, ड्रॉपरने तीन थेंब टाका, पाच मिनिटांनी बघा. कार्डावरच्या सी (कार्ड चालतंय हे दाखवणारी) आणि टी (तपासणीची) दोन्ही रेघा आल्या तर दिवस आहेत, टी फिकी असली तरी. सी आलीच नाही तर कार्ड वाया गेलं, दुसरं घ्या. दहा मिनिटांनंतर उमटलेली करडी रेघ मोजू नका, ती लघवी वाळल्याची असते. 'नाही' आलं आणि पाळीही नाही, तर तीन दिवसांनी पुन्हा करा. आशाताईंकडे 'निश्चय' कार्ड मोफत मिळतं.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर हा हिशेब चालत नाही. त्या बंद केल्यावर साधारण आठवडाभरात पाळी आली नाही तर तपासा.

सातरस्ता: गोळीचं राहिलं. मूल हवंय तर खुलासा होईपर्यंत मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन टाळा. पॅरासिटामॉल ५०० चालेल. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज आजपासूनच घ्या, कार्डाची वाट बघू नका.

होटगीरोड: मनापासून आभार. कार्ड 'हो' आलं आणि कळा थांबल्या नाहीत तर?

भवानीपेठ: पाळीसारख्या हलक्या कळा चालतात. एकाच बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव यातलं काही झालं तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असू शकतो. मग सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी थेट सिव्हिलला किंवा जवळच्या प्रसूतिगृहात जा.