टोपोशीटवर रस्ता नाही म्हणजे कोकण मागास होतं?

सदाशिवपेठी: काल इथे एकाने कोकणाची जुनी एक इंची टोपोशीट (मैलाला एक इंच मापाचा सर्व्हेचा नकाशा) टाकून लिहिलं, "रस्त्याची एक लाल रेघ दिसत नाही, १९९८ ला रेल्वे पूर्ण होईपर्यंत इथे काही नव्हतं." वाचून डोकंच फिरलं. अहो, खाडी बघा की! वाशिष्ठीवर चिपळूणचं गोवळकोट, सावित्रीवर महाड, तिकडे राजापूर, सगळी समुद्रापासून आत, भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे बसलेली. गलबतातून माल उतरायचा नि बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने कराडला. हा हायवेच होता, फक्त पाण्यावरचा.

वारजेकर: आणि पावसाळ्यात? बोटी बंद झाल्या की आमचे आजोबा गावातच अडकून, मुंबईत नोकरी गेली त्यांची. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, विसरलात? पुण्यात बसून गलबतांचं कौतुक सोपंय.

सदाशिवपेठी: चार महिन्यांचं मान्य. उरलेल्या आठ महिन्यांना "काही नव्हतं" म्हणायचं?

खारेपाटातला: त्याच शीटवर खाडीकाठचे बांध दिसतात ना, ते कोणी घातले ते पण लिहा. कुळांनी, चिखलात उभं राहून. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, लाकडी दार ओहोटीला उघडतं, भरतीला मिटतं, तेवढ्यावर सगळं भात. बांधाला एक खांड, म्हणजे भगदाड, पडली की खारं पाणी शेतात, मग काही वर्षं पीक विसरा, आमच्या घरात हे भोगलंय. आणि पिकलं की खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, दारात. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला तो उगाच नाही.

सदाशिवपेठी: विषय नकाशाचा आहे, प्रत्येक धाग्यात खोती कशाला आणता?

खारेपाटातला: तुमच्या घरी खोती होती का? म्हणून टोचतंय?

सदाशिवपेठी: तोंड सांभाळून बोला. आमचे आजोबा शाळामास्तर होते.

वारजेकर: भांडू नका राव. पण त्यांचा मुद्दा बरोबरे, नकाशात बांध दिसतो, कोणाच्या घामाचा ते दिसत नाही.

सदाशिवपेठी: बरं, मालकी नकाशा सांगत नाही, एवढं मानतो. पण खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

खारेपाटातला: खोत गेला, बांध कोण बघतंय? पूर्वी गाव एकत्र येऊन खांड बुजवायचं, आता पोरं मुंबईला नि अर्ज सरकारी टेबलावर. जुन्या शीटवर जिथे भातशेती आहे तिथे आज कांदळवन माजलंय. नवी शीट शेजारी ठेवा आणि मग सांगा कोकणात विकास कधी आला ते.