‘एक शूज’ म्हणणारा अडाणी कसा?

सायली: कालच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, “‘माझा एक शूज सापडत नाही’ म्हणणाऱ्या आणि पाटीवर ‘फर्निचर्स’ लिहिणाऱ्या अडाण्यांना परत शाळेत घाला.” दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. शूज आपल्याकडे आला तोच जोडीनं, एका खोक्यातून. त्यातला ‘ज’ अनेकवचनाचा आहे हे मराठी कानाला कळावं कसं? इंग्रजांनी तरी काय केलं? फ्रेंचांच्या बोलीतल्या ‘शेरीझ’चा शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा समजून छाटला आणि ‘चेरी’ केली. वाटाण्याचं तेच. ‘पीझ’ मुळात एकवचनी होतं, त्याचं ‘पी’ झालं. ‘चिल्ड्रन’ला तर दोनदा प्रत्यय लागलाय, जुना ‘र’ आणि वर ‘न’. त्यांनी केलं की भाषेचा इतिहास, आपल्या चप्पलवाल्यानं केलं की अडाणीपणा?

अभिजित: पोस्ट माझी. चेरीला शेकडो वर्षं झाली, आता नियम ठरलेत. पहिल्याच मुलाखतीत मी ‘इन्फॉर्मेशन्स’ म्हणालो, इंग्रजीत त्याचं अनेकवचन होत नाही हे माहीत नव्हतं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. नोकरी गेली, ते हसू गेलं नाही. मला कुणी आधी सांगितलं असतं तर?

सायली: वाईट वाटलं वाचून. इंग्रजी बोलताना इंग्रजीचे नियम, मान्य. पण ‘शूज सापडत नाही’ हे वाक्य मराठी आहे.

वसंतकाका: शूज राहू द्या. खरी नासाडी ‘फाईल्स’ आणि ‘बँक्स’नी केलीय. तीस वर्षं कारकुनी केली, ‘फायली’ बांधल्या. ‘फायलींवर शेरा’ कसं सरळ येतं. ‘फाईल्सवर’ म्हणताना जीभ ठेचकाळते. पोर्तुगीजांचा बटाटा घेतला, त्याचे आपण बटाटेच केले ना?

मनाली: मग बसचं अनेकवचन सांगा, काका. बँक-बँका, तसं बस-बसा? म्हणून ‘बसेस’ आलं.

वसंतकाका: ‘दोन बस आल्या.’ ‘आल्या’त अनेकवचन आहेच. नाहीतर गाड्या म्हणा.

मनाली: मोबाइलचं काय? मोबाइली?

वसंतकाका: मोबाइल पुल्लिंगी आहे. एक दगड, दोन दगड, तसे दोन मोबाइल. एवढं व्याकरण येत नाही आणि वाद घालायला येता!

मनाली: वयाचा मान ठेवून विचारत होते. अपमान करून घ्यायला आले नाही. ‘बसेस’ पेपरात रोज छापतात, त्या सगळ्यांना व्याकरण येत नाही?

वसंतकाका: छापलं म्हणून बरोबर होत नाही. बाकी, शेवटचं वाक्य नको होतं माझं.

धनंजय: मी कंडक्टर. ‘एक लेडीज उतरतेय, थांब!’ असं दिवसातून वीसदा ओरडतो. दाराशी कडेवर पोर, हातात पिशवी घेतलेली बाई असते. ड्रायव्हरचा पाय तेवढ्या शब्दावर ब्रेकवर जातो. ‘लेडी’ आमच्या गाडीत कुणी म्हणत नाही. आता मला कुठल्या शाळेत घालणार?

अभिजित: शूज सोडला, लेडीजही सोडली. ‘फर्निचर्स’ सोडणार नाही. मराठीतसुद्धा घरभर असलं तरी ‘फर्निचर आलं’ असंच म्हणतो. तो ‘स’ ना इंग्रजीचा, ना आपला.

सायली: हे मात्र खरंय, पटायला नको वाटत असलं तरी. पण ‘अडाणी’ मागे घ्या.

अभिजित: तेवढा शब्द काढला. पोस्ट ठेवतोय.