लष्करातले डेटा हॅकेथॉन: खरंच उपयोग आहे का?

देवळाली कॅम्पवासी (माजी सैनिक, ईएमई म्हणजे लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा)
मंडळी, माझं मत असं की लष्कराने आपल्या अडचणींवर आपल्याच माणसांना बसवून डेटा हॅकेथॉन (म्हणजे एक-दोन दिवस एकत्र बसून, नोंदी चाळून तोडगा काढायचा) घ्यावेत आणि सुरुवात नाशिकपासून करावी. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण, ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. एवढं सगळं एका-दोन तालुक्यांत कुठे मिळतं?

मी वीस वर्षं सुटे भाग सांभाळले. फॅन बेल्ट एकच. एका लेजरला ‘बेल्ट फॅन’, दुसऱ्यात ‘व्ही बेल्ट’, तिसरीकडे नुसता पार्ट नंबर, त्यातही शून्याच्या जागी ‘ओ’. बेल्टवाचून गाडी व्हीओआर (म्हणजे बंद पडून) उभी, आणि शेजारच्या युनिटच्या रॅकवर तोच बेल्ट धूळ खातोय. चार संगणकवाली पोरं आणि एक मुरलेला स्टोअरमन दोन दिवस एकत्र बसवा, ही नावं जुळतील. अमेरिकेचं हवाई दल २०२२ पासून ‘ब्राव्हो’ नावाने असे हॅकेथॉन घेतंय, तेही कामकाजाच्या खऱ्या डेटावर.

गंगापूर रोडची डेटावाली
काका, बेल्टचं पटलं. ‘आपलीच माणसं’ हे नाही पटलं. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, २०१६ मध्ये आपल्या वेबसाइट तपासायला बाहेरच्यांना बोलावलं, १४०० हून जास्त जणांनी नावं नोंदवली आणि १३८ खऱ्या त्रुटी सापडल्या. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना का वगळायचं?

सिडकोतला सिक्युरिटीवाला
ताई, गल्लत होतेय. तिथे सार्वजनिक वेबसाइटमधल्या फटी शोधायच्या होत्या, इथे डेटाच हातात द्यायचाय. नावं खोडली म्हणून तो निर्धोक होत नाही. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये धावणाऱ्यांचा हीटमॅप (लोक कुठे जास्त धावतात ते दाखवणारा नकाशा) टाकला, त्यावर एकाचंही नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ ओळखू येतात. सुट्या भागांचंही तेच आहे. कुठल्या ठिकाणाहून तोफेच्या बॅरलची मागणी वाढली एवढं कळलं, तरी तिथे फायरिंग किती चाललंय याचा अंदाज बांधता येतो. माझा ठाम विरोध आहे.

पंचवटीकर
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवरचे हॅकेथॉन झाले, मी स्वयंसेवक होतो. त्यातूनच ‘अशिओटो’ ही चटई आली. पाय पडला की दाब मोजायचा आणि त्यावरून गर्दी. नाशिकच्याच एका शाळकरी मुलाचा त्यात मोठा वाटा. पण ती काही शनिवार-रविवारात झाली नाही. पुन्हा पुन्हा करून बघितली, बिघडली, दुरुस्त केली. लष्करात काय होईल? दोन दिवसांनी टाळ्या, फोटो, सीओ (युनिटप्रमुख) साहेबांच्या हस्ते ट्रॉफी. मग साहेबांची बदली. पुढे ते काम कोणाच्या गळ्यात?

देवळाली कॅम्पवासी
बॅरलचा मुद्दा मान्य. तोफा बाजूला ठेवू, मालवाहू गाड्यांपासून सुरू करू. मशीन आतली, माणसं आतली, पेनड्राइव्ह गेटवर जमा. पंचवटीकर, काम सोपवायचं ते सिव्हिलियन स्टोअरकीपरवर. साहेब येतात-जातात, तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत असतो.

उपनगरची लेक
माझे बाबा तसेच स्टोअरकीपर होते. काल जेवताना हा धागा त्यांना वाचून दाखवला. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, ‘भाग का बदलला, त्या कारणाच्या रकान्यात काय लिहितात ते विचार त्यांना.’ पानंच्या पानं ‘फेअर वेअर अँड टेअर’, म्हणजे नेहमीच्या वापराने झालेली झीज. ड्रायव्हरने क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली असं खरं लिहिलं तर चौकशी, स्टेटमेंट, वसुली. म्हणून सगळं कसं झिजूनच गेलेलं! जे लिहिलंच नाही ते तुमची चार पोरं कुठून काढणार? माझंही मत नको असंच आहे.

देवळाली कॅम्पवासी
बाबांना नमस्कार सांगा. मीसुद्धा तेच लिहीत आलोय, त्यामुळे वाद घालत नाही. पण ताई, हे वरपर्यंत कोणी कधी पोचवलं? समजा, एकाच बनावटीच्या दोन गाड्या आहेत. एकीचा क्लच वर्षात दोनदा बदलला, दुसरीचा पाच वर्षांत एकदा. कारण मात्र दोन्हीकडे तेच. हे दोन आकडे शेजारी मांडले की रकाना खोटा आहे हे कुणालाही दिसेल. माझ्या मते पहिल्या हॅकेथॉनला हाच प्रश्न द्यावा, भाकीत करणारं मॉडेल वगैरे नंतर.

सिडकोतला सिक्युरिटीवाला
डेटा आतच राहणार असेल आणि बाहेरचे कोणी नसतील, तर माझा अर्धा विरोध मागे.

उपनगरची लेक
बाबा विचारतायत: ते आकडे दिसल्यावर पहिल्या गाडीच्या युनिटवर चौकशी लागणार नाही, हे लेखी कोण देणार?

देवळाली कॅम्पवासी
कमांडरने द्यायचं, स्वतःच्या सहीने, आणि हॅकेथॉनच्या आधी. तो कागद हातात पडल्याशिवाय मी माझ्या जुन्या स्टोअरमनला तिथे बसा म्हणणार नाही.